रिकीब, लेखणी आणि पासोडी : अंबाजोगाईच्या परंपरेतील एक प्रश्न

रिकिबीत पाय ठेवल्यापासून घोड्यावर मांड टाकीपर्यंतच्या अवधीत जो देव दाखवील तोच साधू खरा, अशी जैतपाळ राजाची अट होती. जे साधू, बैरागी, पंडित या कसोटीला उतरले नाहीत त्यांना त्याने बंदीत टाकले आणि कष्टाला जुंपले. अखेर मुकुंदराज आले, राजाने रिकिबीत पाय ठेवला, आणि घोड्यावर बसण्यापूर्वीच त्याची समाधी लागली. अंबाजोगाईच्या परिसरात मुकुंदराजांच्या समाधीच्या संदर्भात ही आख्यायिका शतकानुशतके सांगितली जात आहे.

तिचा रोख नेहमी गुरूच्या सामर्थ्याकडे मानला जातो. वस्तुतः आख्यायिकेचे सारे नाट्य राजाच्या मागणीत आहे. जैतपाळ नास्तिक नाही. त्याला देव हवा आहे. पण तो राज्यकारभारातून उरणाऱ्या वेळात हवा आहे, आणि असा वेळ त्याच्यापाशी घोड्यावर चढण्याइतकाच आहे. संसारात बुडालेल्या माणसाची परमार्थाविषयीची अडचण इतक्या नेमकेपणाने मांडणारी दुसरी मराठी आख्यायिका सहजासहजी सापडणार नाही. देव अप्राप्य आहे ही ती अडचण नव्हे. त्याला देण्याजोगी घटका मोकळी नाही, ही आहे. (या गावाला पुढे निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद हे नाव मिळाले आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथे पडली. रिकिबीची कथा सांगणाऱ्या गावाच्या वाट्याला पुन्हा घोडीच आली!)

कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे लांबविण्याचे कारण नाही. 'विवेकसिंधू'चा शके १११० हा परंपरागत रचनाकाल वादग्रस्त आहे. जैतपाळ म्हणजे यादव राजा जैतुगी की अन्य कोणी मांडलिक, यावर एकमत नाही. आणि मुकुंदराजांचे स्थळ म्हणून विदर्भातील वैनगंगाकाठच्या आंभोऱ्याचाही दावा आहे. अधिक महत्त्वाची विसंगती वेगळीच आहे. ज्या ग्रंथकाराभोवती ही कथा गुंफली गेली त्याचा ग्रंथ कथेला दुजोरा देत नाही. 'विवेकसिंधू' हा गुरुशिष्यसंवाद आहे; पूर्वार्ध-उत्तरार्ध मिळून त्याची अठरा प्रकरणे होतात. त्यातला शिष्य शंका विचारतो, गुरू पायरीपायरीने उकल करतो, आणि एका शंकेच्या निरसनातून दुसरी उभी राहते. क्षणात देव दाखविणारा मुकुंदराज लोकांच्या कथेत आहे. ग्रंथातला मुकुंदराज वेळ मागणारा आहे. परमार्थाला वेळ लागतो की लागत नाही, या प्रश्नावर अंबाजोगाईची परंपरा अशी आरंभापासूनच दुभंगलेली आहे. तिने याच गावात दुसरे उत्तर दिले ते सोळाव्या शतकात, दासोपंतांच्या रूपाने.

दासोपंतांचा काल शके १४७३ ते १५३७. वडील दिगंबरपंत हे नारायणपेठचे देशपांडे, बीदरच्या बरीदशाहीचे वतनदार. दुष्काळामुळे सरकारी वसूल भरता आला नाही म्हणून मुलाला बीदरला ओलीस ठेवण्यात आले. महिन्याच्या मुदतीत रक्कम न आल्यास त्याचे धर्मांतर केले जाईल असे ठरले. आणि मुदत सरता सरता दत्ताजी पाडेवार नावाचा गावकामगार बीदरला येऊन रक्कम भरून पावती घेऊन गेला, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. पाडेवाराच्या वेशातला तो दत्तात्रेय होता, ही भक्तांची श्रद्धा. मंगळवेढ्याच्या दामाजीची कथाही बीदरशीच निगडित आहे. तिथेही दुष्काळ आहे, सरकारी धान्य आहे, आणि विठू महार होऊन आलेला देव आहे. दोन्ही कथा एकाच साच्याच्या म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु हा साचा बीदरच्या खजिन्याभोवतीच का तयार झाला, हे विचारले पाहिजे. वसुलाची साखळी रयतेपासून देशपांड्यापर्यंत आणि देशपांड्यापासून दरबारापर्यंत जाते; दुष्काळात ती मधल्या दुव्याशी तुटते. मधला दुवा म्हणजे लिहिता माणूस. त्याच्या हातात लेखणी आहे, पण तिने मांडलेला आकडा भरण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नाही. देव गावातल्या सर्वांत खालच्या सेवकाच्या रूपाने येऊन ती तूट भरून काढतो, हे या वर्गाचे स्वप्न होते.

या वर्गाचा विचार केल्याशिवाय त्या काळच्या मराठी परमार्थकाव्याचा विचार होऊ शकत नाही. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. एकनाथांनी त्यांच्यापाशी हिशेबाचे काम केले, आणि एका पैची चूक रात्रभर शोधून ती सापडताच ते आनंदले, तेव्हा हीच एकाग्रता देवाकडे लागली तर, असे गुरूंनी सुचविले, ही कथा प्रसिद्धच आहे. एकनाथ, दासोपंत, रामाजनार्दन, जनीजनार्दन आणि विठारेणुकानंदन यांना मिळून 'एकनाथपंचक' म्हटले जाते. त्यातले जनीजनार्दन बीडचे. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची पोथी बीडच्या पाटांगणातूनच त्यांच्या हाती लागली होती. तात्पर्य, गोदावरी आणि बालाघाटाच्या या पट्ट्यात दफ्तर व पोथी यांचे अंतर फार नव्हते. एकच बोरू सकाळी वसूल लिहीत होता आणि संध्याकाळी ओवी.

सुटका झाल्यावर दासोपंतांनी आधी घर सोडले, हे विसरून चालणार नाही. माहूरला त्यांनी दीर्घ काळ तपश्चर्या केली. राक्षसभुवनला गोदावरीच्या वाळवंटात त्यांना दत्तपादुका मिळाल्या, अशी परंपरा आहे. म्हणजे संसार टाकून देव गाठण्याचा मार्ग त्यांनी चाचपून पाहिला होता. पण कथा तिथे थांबत नाही. कुटुंब पुन्हा त्यांना येऊन मिळाले, ते अंबाजोगाईला स्थिरावले, तेथील सीतोपंत देशपांड्यांचा आश्रय त्यांना लाभला, आणि थोरले देवघर व धाकटे देवघर अशा दोन शाखांनी त्यांचा वंश पुढे चालला. घराण्याच्या शाखांना 'वाडा' न म्हणता 'देवघर' म्हणावे, यात या परंपरेचे बरेच काही आले. देवघर घरात असते; त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला माजघर असते.

अंबाजोगाईत आल्यावर दासोपंतांनी काय केले? लिहिले. 'गीतार्णव' ही गीतेवरील टीका सव्वा लाख ओव्यांची मानली जाते. शिवाय 'गीतार्थबोधचंद्रिका', 'ग्रंथराज', 'पदार्णव' आणि इतर प्रकरणे. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण सांगितली जाते. वाङ्मयेतिहासांतून या विपुलतेकडे सामान्यतः दोन प्रकारांनी पाहिले गेले. एक तर विक्रम म्हणून आश्चर्य व्यक्त झाले, किंवा विस्तार म्हणजे पाल्हाळ, पाल्हाळ म्हणजे कलादोष, असा निकाल देऊन पान उलटले गेले. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीचा आटोपशीरपणा प्रमाण मानला की हा निकाल ओघानेच येतो.

पण हे मोजमाप कशाचे? ज्ञानेश्वरी ही एका प्रतिभेची कृती म्हणून वाचता येते. 'गीतार्णव' तसा वाचता येत नाही. अंबाजोगाईतली तीस वर्षे हिशेबात धरली आणि सव्वा लाखाचा पारंपरिक आकडा जसाच्या तसा मानला, तरी दिवसाला दहाबारा ओव्याच होतात. यात चमत्कार नाही; नेम आहे. स्नान, संध्या, पूजा, भोजन यांच्या रांगेत लेखन बसविलेले आहे. ग्रंथ पूर्ण व्हावा म्हणून लिहिणे आणि लिहिताना देवाजवळ असावे म्हणून ग्रंथ चालू ठेवणे, या दोन भिन्न प्रेरणा आहेत, आणि दुसऱ्या प्रेरणेच्या वाङ्मयाला पहिलीचे निकष लावणे ही समीक्षेची चूक आहे. दासोपंतांच्या ठिकाणी लांबी हा कलेचा दोष असेलही. परंतु उपासनेचे ते कालमान आहे. जैतपाळाने एका क्षणात मागितलेली गोष्ट येथे तीस वर्षांवर पसरली आहे.

अर्थात सगळा 'गीतार्णव' सारख्याच तन्मयतेने वाचता येतो, असा दावा कोणी करू नये. त्यात रुक्ष भाग पुष्कळ आहेत. रोजच्या पूजेतही सगळे दिवस सारखे नसतात.

या रोजच्या बैठकीचा परिणाम भाषेवर झालेला दिसतो. मराठीच्या सामर्थ्याविषयी दासोपंतांनी केलेले प्रतिपादन अनेकदा उल्लेखिले जाते. संस्कृत 'घट' म्हणून थांबते, मराठी मात्र डेरा, रांजण, सुगड अशी एकेका भांड्याला त्याच्या आकाराप्रमाणे आणि उपयोगाप्रमाणे वेगळी नावे देते, असा त्यांचा युक्तिवाद. हा उतारा बहुधा भाषाभिमानाचा पुरावा म्हणून वापरला जातो. देशीवादाच्या चर्चेतही त्याला जागा मिळू शकते. त्याहून लक्षणीय आहे ते निवडलेले उदाहरण. घट हा वेदान्ताचा शतकांचा जुना दृष्टान्त आहे: घट फुटतो, घटाकाश महाकाशात मिळते. त्या शास्त्रीय घटाला आकार नाही, काठ नाही, तो कोणी पाण्याला नेत नाही. दासोपंतांनी तो फुटण्याआधी नीट पाहिला. तो पाहण्यासाठी त्यांना लांब जावे लागले नाही. घरात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो रोजच होता. संसार हा परमार्थातला अडथळा आहे असे सिद्ध करणाऱ्या दृष्टान्ताच्या आत संसार असा सामानासकट शिरला आहे.

हीच गोष्ट पासोडीची. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे वस्त्र. थंडीत पांघरावे, प्रवासात खांद्यावर टाकावे, प्रसंगी अंथरावे. अशा सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर दासोपंतांनी पंचीकरण लिहिले. पाच महाभूतांच्या मिश्रणातून देह आणि जग कसे घडते, याचे विवरण करणारा हा विषय. तो आकृत्या-कोष्टकांसह एका दृष्टीत मांडायचा तर पोथीचे पान अपुरे पडते, हे व्यावहारिक कारण उघड आहे. देशपांड्यांच्या घरातल्या मुलाला मोठ्या तक्त्यावर नोंदी मांडण्याची रीत परकी नसावी, हा तर्कही करता येईल. पण वस्त्राची निवड अर्थशून्य नाही. पंचमहाभूतांचा देह ज्याने झाकायचा त्याच वस्त्रावर त्या देहाची उपपत्ती लिहिली गेली. पोथी रुमालात बांधून ठेवता येते, सोवळ्यात वाचता येते. पासोडी उलगडायची तर घरातली जागा मोकळी करावी लागते, आणि दोन टोके धरायला दुसरे माणूस लागते. चाळीस फुटांचे वस्त्र एकट्याला वाचता येत नाही.

वेळेची विभागणीही दासोपंतांनी मनावर घेतली होती. दत्ताच्या सोळा अवतारांची उपासना त्यांच्या परंपरेत आहे, आणि त्या अवतारांच्या जयंत्या वर्षभर विखुरलेल्या आहेत, रा. चिं. ढेरे यांच्या दत्त संप्रदायाच्या इतिहासात या परंपरेची दखल आहे. एकच मोठा उत्सव असता तर तो आटोपला की देव वर्षभरासाठी मखरात गेला असता. सोळा तिथींमुळे तो दर काही आठवड्यांनी घरात पुन्हा उगवतो, कामाच्या मधेच. रागांची नावे दिलेली पदे अशा प्रसंगी गायची.

तथापि या उत्तरातली एक बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही. रोज शाई, बोरू आणि निवांतपणा मिळण्यासाठी सीतोपंत असावा लागतो, आणि सीतोपंताच्या घरी धान्य येण्यासाठी रयत असावी लागते. दत्ताजी पाडेवाराने देशपांड्याच्या मुलाची तूट भरली. पाडेवाराच्या मुलाची तूट भरायला देशपांड्याच्या रूपात देव आल्याची कथा या परंपरेत नाही. दासोपंतांनी प्रपंच आणि परमार्थ यांची जी सांधेजोड केली ती लेखणीने केली, आणि लेखणी सर्वांच्या हाती नव्हती.

लेखणी नसलेल्यांनी त्याच भूमीत काय केले, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकापर्यंत यावे लागते. पाटोदा तालुक्यातील सावरगावी १८९६ साली जन्मलेले भगवानबाबा १९६५ साली निवर्तले. पुढे भगवानगड म्हणून ओळखला गेलेला त्यांचा गड बीडच्या सीमेलगत, पाथर्डी तालुक्यात. त्यांच्या मागे उभा राहिलेला समाज डोंगरपट्ट्यातला, कोरडवाहू जमिनीचा, आणि पुढच्या काळात मोठ्या प्रमाणावर ऊसतोडीला जाणारा. दसरा-दिवाळीनंतर नवराबायको मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. त्या जोडीला व्यवहारात 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचेच नाव. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा जावे लागते. बीदरच्या ओलिसाला महिन्याची मुदत होती.

या माणसांना रोज दहाबारा ओव्यांचा नेम शक्य नाही. भगवानबाबांच्या परंपरेतला नारळी सप्ताह चैत्राच्या सुमारास येतो, म्हणजे फड मोडून माणसे गावाकडे परतू लागतात तेव्हा. सप्ताहाची रीत अशी की सांगतेला पुढच्या वर्षीसाठी एखादे गाव नारळ घेते, आणि तो नारळ म्हणजे वर्षभराचे बोलणे पक्के झाले. सात दिवस अखंड वीणा उभी असते. एका पहाऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली ठेवली जात नाही. दासोपंतांनी एका माणसाच्या तीस वर्षांत साधलेले सातत्य येथे अनेक माणसांच्या तासातासांतून जोडले जाते. ज्याचा पहारा संपला तो घरी जाऊन झोपतो, गुरांना पाणी दाखवतो, मुकादमाशी पुढच्या उचलीचे बोलतो, आणि आपली पाळी आली की पुन्हा येऊन वीणा गळ्यात घेतो.