नुंगंबाक्कमचे स्थलमाहात्म्य

नगरदर्शनाची आपली परंपरा तीर्थयात्रेतून आलेली आहे. यात्रेकरू देवतेचे दर्शन घेई आणि ती देवता त्या स्थळी का प्रकट झाली, हे स्थलमाहात्म्यातून ऐकून घेई. आधुनिक प्रवाशाने दर्शन तेवढे राखले, माहात्म्य मात्र मार्गदर्शिकेच्या दोन ओळींवर सोपविले. इस्तंबूलसारख्या नगरात याने फारसे अडत नाही. आयासोफियाच्या घुमटाखाली उभे राहिल्यावर बायझंटाइन आणि उस्मानी असे दोन्ही काळ एकाच वेळी डोळ्यांना दिसतात. चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात इतिहास असा सामोरा येत नाही. तेथे माहात्म्य ठाऊक नसेल तर दर्शनही घडत नाही.

नुंगंबाक्कम हे मुळात खेडे. तिरुवालंगाडु येथे सापडलेल्या राजेंद्र चोळाच्या अकराव्या शतकातील ताम्रपटात त्याचा उल्लेख आहे. १७०८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. आजचा प्रवासी येथे येतो तो बहुधा वळ्ळुवर कोट्टम पाहण्यासाठी. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या स्मारकात तिरुवारूरच्या रथाचे रूप पाषाणात उतरविलेले असून, तिरुक्कुरळमधील १३३० कुरळ तेथे कोरलेले आहेत. एखाद्या समाजाने आपल्या कवीला देवाचा रथ द्यावा, ही गोष्ट असामान्यच होय. परंतु जेथे हा रथ उभा आहे तेथे पूर्वी तलाव होता, हे सांगायला आता ‘टँक बंड रोड’सारखी रस्त्यांची नावेच उरली आहेत.

तेथून जवळच, हवामान केंद्राच्या आवारात, एक ग्रॅनाइटचा स्तंभ आहे. एग्मोर येथे विल्यम पेट्री याने १७८६ मध्ये सुरू केलेली खाजगी वेधशाळा पुढे कंपनीने घेतली आणि १७९२ मध्ये ती नुंगंबाक्कमला आली. मायकेल टॉपिंग याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या वेधशाळेचा हा स्तंभ. त्यावर वेधयंत्र बसविलेले असे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये सेंट थॉमस माउंटजवळ आधाररेषा मोजून आरंभिलेल्या महासर्वेक्षणाने आपल्या रेखांशांसाठी याच वेधशाळेचा आधार घेतला. येथेच १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसनने ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला. त्याचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाची माहिती सामान्य वाचकांसाठी देशी भाषांतूनही दिली. पंचांग आणि दुर्बीण यांच्यामध्ये उभा राहिलेला हा विद्वान नुंगंबाक्कमच्या इतिहासातील खरा नायक म्हणावा लागेल.

या स्तंभाशी मुंबईचेही एक जुने भांडण आहे. वेधशाळेच्या रेखांशावरून ठरणारी ‘मद्रास वेळ’ रेल्वेने स्वीकारली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे अर्ध्या तासाने मागे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनने सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ लागू केली, तेव्हा मुंबईकरांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत हा आदेश मागे घ्यावा लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. मुंबईच्या लोकजीवनाला इतकी झोंबलेली ही वेळ ज्या आवारात मोजली गेली, तेथे मराठी प्रवासी सहसा फिरकत नाही.

कॉलेज रोडने पुढे गेल्यास दुसरे असेच स्थळ लागते. रस्त्याला हे नाव मिळाले ते १८१२ मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट सेंट जॉर्ज विद्यालयावरून. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी ते काढले होते. त्याचा प्रमुख सूत्रधार फ्रान्सिस व्हाइट एलिस याने पट्टाभिराम शास्त्री यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने दक्षिणी भाषांचा अभ्यास केला. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषा संस्कृतोद्भव नसून त्यांचे कुल स्वतंत्र आहे, हा सिद्धान्त त्याने १८१६ मध्ये कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात मांडला. कॉल्डवेलचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर ४० वर्षांनी, १८५६ मध्ये आला. मराठीच्या घडणीत द्राविड भाषांचा वाटा किती, हा विश्वनाथ खैरे यांनी लावून धरलेला प्रश्नही या पूर्वपीठिकेवाचून नीट समजत नाही. १८१२ मध्येच स्थापन झालेल्या मद्रास लिटररी सोसायटीचे ग्रंथालय याच रस्त्यावरील लाल इमारतीत आहे.

देशाची लांबीरुंदी, दिवसाची वेळ आणि भाषांचे कुल अशा तीन मोजण्या या एका लहानशा परिसरात झाल्या. तिन्ही मोजण्यांमागे परकीय राज्यकर्त्यांची गरज होती, आणि तिन्हींत येथील विद्वानांचे श्रम मिसळलेले होते. त्यांचे राजवाडे झाले नाहीत. एक स्तंभ, एक रस्त्याचे नाव आणि जुन्या ग्रंथांची काही कपाटे एवढाच त्यांचा दृश्य अवशेष आहे. प्रवाशांची पावले जिकडे वळतात तिकडेच डागडुजीचा पैसा वळतो, हा अलीकडचा नियम. तो पाहता अशा स्थळांचे माहात्म्य पुन्हा सांगितले जाणे अगत्याचे आहे. तलाव नाहीसा झाला तरी त्याचे नाव रस्त्याला राहिले. स्तंभ आणि ग्रंथ यांच्या वाट्याला नुसते नाव येऊ नये.