अर्धशिशीची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेताय? आधी हे वाचा

सकाळपासून उन्हात काम, चहावर चहा, जेवणाची वेळ टळलेली. दुपारी अर्धं डोकं ठणकायला लागतं. उजेड नको वाटतो, आवाज नको वाटतो, मळमळतं. उलटी झाली की जरा बरं वाटतं. गावाकडे याला सरसकट ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या जातात. प्रत्यक्षात अशा बऱ्याच जणांना मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी असते. उलटी आणि मळमळ हा या आजाराचाच भाग आहे. औषध घेतलं नाही तर एक झटका 4 तासांपासून 3 दिवसांपर्यंत टिकू शकतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास बराच जास्त दिसतो. उपवास, जागरण, ऊन आणि पाळीचे दिवस यांनी तो उठतो.

मग कुणीतरी सांगतं, “माझ्याकडे गोळी आहे, अर्ध्या तासात डोकं उतरतं.” गोळी खरीच असते, गुणही येतो. पण अर्धशिशीच्या काही गोळ्या साध्या डोकेदुखीच्या गोळ्यांसारख्या नसतात. स्ट्रिपवर ‘आरएक्स’ अशी खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून चिठ्ठीची गरज संपत नाही.

गोळीत काय आहे ते ओळखा

झटका थांबवण्यासाठी डॉक्टर दोन प्रकारची खास औषधं लिहून देतात. एक प्रकार ट्रिप्टानचा. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही त्यातली नावं. दुसरा प्रकार एरगोटामाईनचा. हे औषध बहुतेक वेळा एकटं मिळत नाही. कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध यांच्यासोबत एकाच गोळीत येतं, त्यामुळे बऱ्याच जणांना आपण एरगोटामाईन खातोय हेच माहीत नसतं. कंपनीचं नाव वाचून उपयोग नाही. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते घरातल्या शिकत्या पोराकडून वाचून घ्या किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून अक्षरं मोठी करून बघा.

बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट शेतकऱ्यांना माहीत आहे. राय नावाच्या थंड प्रदेशातल्या धान्यावर त्याच कुळातली बुरशी पडते, आणि एरगोटामाईन मूळ तिच्यातूनच मिळालं. ते रक्तवाहिन्या आवळतं. ट्रिप्टानही रक्तवाहिन्या आवळतं. डोक्याला यामुळे आराम पडतो, पण आवळण्याचं काम फक्त डोक्यापुरतं राहत नाही. खरी जोखीम इथेच आहे.

कुणी घेऊ नये

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, चालताना छातीत दुखणारा, लकवा मारून गेलेला, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेला किंवा ज्याचं बीपी आटोक्यात नाही असा माणूस, यांच्यासाठी या दोन्ही प्रकारच्या गोळ्या धोक्याच्या आहेत. वय चाळिशीच्या पुढे, त्यात शुगर किंवा विडी-तंबाखू असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी बीपी आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. शेजारीण तीस वर्षांची आणि धडधाकट असेल. तिला चालली म्हणून तिच्या सासऱ्यांना चालेल असं नाही.

गरोदर बाईने एरगोटामाईन घेऊच नये. अंगावर दूध पाजणाऱ्या आईनेही घेऊ नये. पाळी चुकली असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगावं.

एरगोटामाईन आणि ट्रिप्टान यांच्यात किमान 24 तासांचं अंतर हवं. सकाळी एकाची गोळी आणि संध्याकाळी दुसऱ्याकडून आणलेली वेगळी गोळी, असं झालं की दोन्ही मिळून रक्तवाहिन्या आवळतात. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ इट्राकोनाझोल, यांच्यासोबत एरगोटामाईन अंगात साठत जातं. बोटं गार पडणं, बधिर होणं, निळसर दिसणं ही त्याची खूण. वेळीच इलाज झाला नाही तर बोट गमवायची पाळी येऊ शकते. घशासाठी किंवा नायट्यासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी अर्धशिशीच्या गोळीचा फोटो त्यांना दाखवा.

कधी आणि किती

झटका जोरात येईपर्यंत वाट पाहत बसलं तर गोळीचा गुण कमी येतो. दुखणं सुरू झालं की लगेच, ठरवून दिलेला डोस घ्यावा. ट्रिप्टान डोकं दुखायला लागल्यावरच घ्यायचं असतं, ‘आज दुखेल बहुतेक’ म्हणून आधीच नाही. एका गोळीने आराम पडून डोकं पुन्हा दुखायला लागलं, तर कमीत कमी 2 तासांनी दुसरी घेता येते, तीही डॉक्टरांनी सांगितली असेल तरच. पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच झटक्यासाठी दुसरी गिळू नये.

गोळीनंतर मानेत किंवा छातीत थोडं आवळल्यासारखं, अंगात मुंग्या किंवा गरम वाटू शकतं. बहुतेक वेळा ते थोड्या वेळात जातं. पण छातीत जोरात दुखलं, घाम फुटला, दम लागला तर थांबू नका, 108 ला फोन करा.

उलटीच्या औषधाची एक गोष्ट गावात अजूनही माहीत नाही. एरगोटामाईनच्या मिश्र गोळ्यांत बरेचदा प्रोक्लोरपेराझिन असतं. त्याने झोप येते, म्हणून ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये. शिवाय काही जणांची, विशेषतः तरुण मुलामुलींची, मान अचानक वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. पाहणारे घाबरतात, ‘बाहेरचं काही झालं’ म्हणून देवऋषाकडे नेतात. ही औषधाची रिअॅक्शन असते. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ती लवकर उतरते. जाताना गोळीची स्ट्रिप सोबत न्यावी.

गोळीनेच डोकं दुखायला लागतं तेव्हा

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. ट्रिप्टान, एरगोटामाईन किंवा मिश्र गोळी महिन्यातून 10 किंवा जास्त दिवस, आणि साधी पॅरासिटामॉल किंवा वेदनाशामक गोळी 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधामुळेच डोकेदुखी मागे लागू शकते. सकाळी उठल्याबरोबर डोकं जड, गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं, दुसऱ्या दिवशी परत तेच. माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून तो गोळ्याही वाढवतो.

यावर भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं. गोळी घेतली त्या तारखेला पेनने टिंब द्या. गोळ्या किती झाल्या यापेक्षा दिवस किती झाले ते मोजायचं. महिन्यात 8-9 टिंबं दिसायला लागली की डॉक्टरांकडे जा आणि कॅलेंडरचं पान दाखवा. गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं, त्यामुळे हे डॉक्टरांना विचारूनच करावं. तेवढा काळ काढला की बहुतेकांना फरक पडतो.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस त्रास होत असेल तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचं वेगळं औषध असतं. गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, आठ दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नये. यातलं प्रोप्रॅनोलॉल दमा असणाऱ्याला चालत नाही आणि अचानक बंदही करायचं नसतं. रिझाट्रिप्टानसोबत ते चालू असेल तर रिझाट्रिप्टानचा डोस कमी करावा लागतो. टोपिरामेटने घाम कमी येऊ शकतो. मे महिन्यात शेतात राबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून पाणी जास्त प्यावं.

माला-एन घेणाऱ्या बायकांसाठी

काही जणींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा दिसतात, दिवे चमकतात, अर्धं दिसेनासं होतं. याला ऑरा म्हणतात. असा त्रास असणारीने माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना ही गोष्ट स्पष्ट सांगा. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय सरकारी दवाखान्यात मिळतात. ‘छाया’ गोळी, अंतरा इंजेक्शन, कॉपर-टी यांतलं काय चालेल ते त्या सांगतील.

हे मायग्रेन समजू नका

आयुष्यात कधी दुखलं नाही असं अचानक एका क्षणात फुटल्यासारखं दुखणं, तापासोबत मान आखडणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणातलं जोराचं दुखणं. यातलं काहीही असेल तर घरात गोळी शोधत बसू नये, थेट ग्रामीण रुग्णालय गाठावं. पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंग्यू असू शकतो. तेव्हा डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्या टाळाव्यात.

तालुक्याला जाणं होत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. फोन लावण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो, बीपीचा आकडा आणि कॅलेंडरचं पान जवळ घेऊन बसा.