कोणते नाणे मोलाचे, कोणते मोडीचे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी मार्ग आरे-वारेच्या जुळ्या किनाऱ्यांना वळसा घालून जातो. या पट्ट्यातील जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत राणीछाप किंवा राजाछाप रुपया लक्ष्मीपूजनापुरता बाहेर येतो आणि पुन्हा डब्यात जातो. त्या रुपयाला आता लाखो रुपये मिळतात, अशी वदंता वारंवार कानी येते. प्रत्यक्षात बहुतेक राणीछाप रुपयांना चांदीच्या भावापेक्षा थोडी अधिक किंमत येते. लाखांचे धनी ठरणारे नाणे निराळे असते.

नाण्याचे वय म्हणजे त्याचे मूल्य नव्हे, ही संग्राहकाने शिकायची पहिली गोष्ट. १८६२ साल कोरलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया पाहून अनेकांचे डोळे चमकतात. परंतु तो १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता, त्यामुळे तो विपुल आहे. मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवरील सूक्ष्म ठिपक्यांची संख्या व जागा पाहून जाणकार त्यांचे प्रकार ओळखतात आणि किमतीतील खरा फरक तेथेच पडतो. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया त्यामानाने अगदी अलीकडचा. पण तो चलनात फारच थोडा आला. १९४० पासून रुपयातील चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. म्हणूनच १९३९च्या रुपयामागे संग्राहक धावतात, आणि त्यामुळेच त्याच्या बनावट प्रतीही फिरतात. १९११चा पाचव्या जॉर्जचा रुपयाही असाच चर्चेतला. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. बहुतेक नाणी वितळवून १९१२ मध्ये सुधारित चित्र आले.

मराठी घरांत शिवराईचे स्थान वेगळे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असलेले हे तांब्याचे नाणे १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडले जाते. मात्र पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही शिवराई पाडली जात राहिली. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. अक्षरे पूर्ण उमटलेली, मण्यांची कड शाबूत असलेली आरंभीची शिवराई मात्र दुर्मीळ असून तिची मागणी सातत्याने टिकून आहे. सोन्याच्या शिवकालीन होनाविषयी एवढेच पुरे, की अस्सल होन मोजकेच उपलब्ध आहेत. अनोळखी विक्रेत्याने स्वस्तात देऊ केलेला होन नाकारावा.

कोकणाची खास नाणी म्हणजे लारी. चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेले हे नाणे इराणातील लार या गावाच्या नावाने ओळखले जाते. आखाताशी चालणाऱ्या व्यापारातून ते या किनाऱ्यावर आले आणि विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने आपल्या नावाच्या लारी पाडल्या. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांचे साठेही सापडले आहेत. ठसा तारेवर पुरता बसत नसल्याने मजकूर वाचता येणारी लारी अधिक मोल पावते.

येथे कायद्याचे भान हवे. पाया खणताना जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची नाणी सापडली, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. परदेशातील नातलगाला ती भेट म्हणून धाडता येत नाहीत.

फसवणुकीचा सर्वांत मोठा बाजार ‘रामदरबार’ नाण्यांचा. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि हिंदू देवतांची चित्रे असलेली ही ‘नाणी’ कंपनीने कधीच पाडली नाहीत. त्यांना तांदूळ चिकटतात, वीज खेचते, असल्या कथा सांगून ती विकली जातात. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये देण्याच्या जाहिराती याच जातीच्या. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. खरेदीदारच आधी पैसे मागू लागला, तर तो खरेदीदार नव्हे.

घरच्या घरी करण्याजोगी तपासणी सोपी आहे. चांदीचा प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅम भरतो आणि लोहचुंबकाला चिकटत नाही. १९४७चा रुपया निकेलचा असल्याने चिकटतो. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली हिऱ्याची आकृती असल्यास ते मुंबईचे, चांदणी असल्यास हैदराबादचे, वर्तुळाकार ठिपका असल्यास नोएडाचे आणि काहीच चिन्ह नसल्यास कोलकात्याचे. एकाच सालाचे नाणे एका टांकसाळीचे विपुल, तर दुसरीचे विरळ असू शकते. लोकमान्य टिळकांचा २००७ सालचा पाच रुपयांचा शिक्का रत्नागिरीकरांना प्रिय असणारच, पण पोलादी प्रती इतक्या निघाल्या आहेत, की त्यावर कमाईची आशा धरू नये.

सर्वाधिक नुकसान मात्र चोर वा ठक करत नाही. ते आमसुलाने होते. दिवाळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांसोबत नाणीही आमसूल किंवा चिंच लावून लखलखीत केली जातात. शतकभरात चढलेला मूळ थर त्यात निघून जातो, ओरखडे पडतात आणि दुर्मीळ नाण्याचीही किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्यावर भुकटीसारखा हिरवा गंज धरतो, तो निराळा. तो वाढत जातो, म्हणून असे नाणे इतरांपासून वेगळे ठेवून जाणकाराला दाखवावे. नाणी कडेने धरावीत, मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, आम्लरहित कागदी पाकिटे वापरावीत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

विकण्यापूर्वी डोळा तयार व्हायला हवा. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे २००४ मध्ये सुरू झालेले नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था त्यासाठी उपयोगी. त्यानंतर किमान दोन व्यापाऱ्यांकडून भाव घ्यावा. व्यापाऱ्याचा खरेदीचा व विक्रीचा भाव यांत बरेच अंतर असते. ते भरून निघेपर्यंत नाणे हाती ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच या छंदात पैसा गुंतवावा.