ध्रुवपदाची खूण

गेल्या ईदला भाचीने ईमेलने एक चित्र पाठवले. चंद्रकोर आणि शेजारी लुकलुकणारी चांदणी. ती विझते, पेटते, पुन्हा विझते. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना तोच रदीफ परत परत येण्याची सवय. तरी ही चांदणी थकत कशी नाही, असे वाटले. म्हणून या चित्राची कुळकथा शोधत गेलो.

‘जीआयएफ’ नावाचा हा प्रकार १९८७ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांनी घडवला. वेब तेव्हा जन्मलेही नव्हते. संगणक टेलिफोनच्या तारेवर मोडेमने जोडले जात. सेकंदाला २४०० बिट हा वेग चांगला म्हणायचा. ३२० बाय २०० ठिपक्यांचे, २५६ रंगांचे चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर साडेतीन मिनिटे. आणि घड्याळाबरोबर बिलही पळत असे.

चित्र आटवणे भागच होते. त्याची युक्ती आपल्या भजनाच्या पुस्तकांतही आहे. ध्रुवपद एकदाच छापतात, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसते ‘ध्रु.’. लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी १९७८ साली मांडलेली अशीच एक पद्धत टेरी वेल्च यांनी सुधारून १९८४ साली प्रसिद्ध केली. विल्हाइट यांनी ती घेतली. निरभ्र आकाश तिने चटकन आटते. चेहऱ्यावरच्या छाया आटत नाहीत. त्यांत पुनरुक्ती कुठली?

पण या पद्धतीवर पेटंट होते आणि कॉम्प्युसर्व्हला त्याचा पत्ता नव्हता. ते युनिसिस कंपनीकडे आले. १९९४च्या डिसेंबरअखेर, जीआयएफ जगभर पसरल्यावर, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे शुल्काची मागणी झाली. वेल्च १९८८ सालीच वारले होते. ध्रुवपद गाऊन झाल्यावर ‘ध्रु.’ या खुणेचे भाडे मागावे, तसे हे! चिडलेल्या प्रोग्रामरांनी ‘पीएनजी’ हे पेटंटमुक्त रूप उभे केले. १ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याला वेबच्या मानक संस्थेची मान्यताही मिळाली. रंगांत ते कितीतरी सरस. मात्र त्यात हालचाल मुद्दामच ठेवली नव्हती, आणि माझ्या मते जीआयएफ तगला तो तेवढ्यामुळेच.

कारण १९८९च्या सुधारित जीआयएफमध्ये एकामागून एक चित्रे दाखवण्याची सोय होती. ‘पुन्हा पहिल्यापासून’ असे सांगण्याची सोय मात्र नव्हती. ती नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने पदरची जोडली. अमेरिकेतले पेटंट २० जून २००३ रोजी संपले, तोवर चांदण्या घरोघरी लुकलुकत होत्या.

हलत्या चित्रासाठी ही पद्धत तशी उधळीच. व्हिडिओ फक्त बदललेला भाग साठवून खूप जागा वाचवतो. म्हणून फोनवर ‘जीआयएफ’ म्हणून येते ते आतून पुष्कळदा व्हिडिओच असते. भाचीची चांदणी मात्र अस्सल निघाली. तिने ती फाइल मला नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. अगम्य चिन्हांच्या गर्दीत दोनच गोष्टी वाचता आल्या : अगदी सुरुवातीला ‘जीआयएफ ८९ए’, आणि थोडे पुढे, २००८ साली बंद पडलेल्या त्या ब्राउझरचे नाव, ‘नेटस्केप २.०’.