खाली वाका, दांडा येतोय!

माघ महिना, साल 1925. कृष्णाकाठच्या गुऱ्हाळावर तुम्ही पोचता तेव्हा अजून उजाडलेलं नाही. आधी उकळत्या रसाचा वास येतो, मग कंदील दिसतो. दोन पावलं पुढं टाकता तोच हाळी येते, "पावणं, खाली वाका! दांडा येतोय!" तुम्ही खाली बसता आणि बैलांनी ओढलेला लांब दांडा डोक्यावरून फिरून जातो.

चरकात ऊस घालणारा गडी वर बघतसुद्धा नाही. बैलांची पावलं ऐकून तो मान वाकवतो, ऊस लोखंडी रुळांत सरकवतो आणि बोटं वेळेत मागं घेतो. त्याच्या बापाचा चरक बाभळीच्या लाकडाचा होता; लोखंडावर तेव्हा कुणाचा भरवसा नव्हता. "लोखंडाच्या नांगरानं जमीन नासती म्हनायची आमची म्हातारी मानसं," तो सांगतो. तसा लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावात घडवला. घेणारे शेतकरी मात्र सहजासहजी मिळाले नाहीत. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि ओतीव लोखंडाची अवजारं या भागातल्या शेतीत रुळत गेली.

पण तुम्ही चरकापाशी रेंगाळू नका. चुलवणाकडं या.

काहिलीत रस खदखदतोय. खालून वाळलेली चिपाडं सारली जातात, जाळ वाढतो. गूळ करणारा गुळव्या रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी रसात सोडतो. मळी वर येते, ती काढून टाकतो. फेस उतू जाऊ लागला की तेलाचे थेंब टाकतो, फेस खाली बसतो. मग गुळव्या बोलणं थांबवतो. बुडबुडे जाड होतात, रंग पालटतो. थोडा पाक काढून तो गार पाण्यात टाकतो, बोटांनी वळतो आणि गोळी तुमच्या तळहातावर ठेवतो. "दाबा." मऊ लागते. जरा वेळानं दुसरी. "आता?" आता घट्ट आहे, पण चिवट नाही. "उतरवा!" तो ओरडतो आणि माणसं काहिलीला भिडतात. अजून थोडी उकळी मिळाली असती तर गूळ करपला असता.

हे बोटांचं शिक्षण कुठल्या संग्रहालयात ठेवणार? कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या संग्रहालयात जुनं गावजीवन पुतळ्यांतून हुबेहूब उभं केलंय. ते पाहायलाच हवं, लेकरांना दाखवायला हवं. तरी गोळी कधी जमते हे पुतळा सांगू शकत नाही. मला चालता चरक हवा आणि त्याच्याशेजारी तो चालवणारा माणूस हवा.

तुम्ही आजच्या माघात परत या. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं अजून पेटतात; बैलांच्या जागी मोटर आली, पण पाक उतरवायची वेळ अनुभवी गुळव्याच ठरवतो. आणि गोठ्यामागं पडलेला तुमच्या आज्याचा चरक? भंगारवाला वजनावर भाव सांगेल, त्याला नाही म्हणा. गंज खरवडा, तेल सोडा, रूळ फिरतात का बघा. मग गावातल्या ज्या म्हाताऱ्यानं त्यात ऊस घातलाय, त्याला तिथं आणून बसवा आणि शेजारी नातवाला बसवा.