वैल, पोल्ट्री आणि सू-वीद



पुण्याच्या नातवाने मला एक विजेचा दांडा आणून दिलाय. पाण्याच्या पातेल्यात उभा करायचा, आकडा लावायचा, की पाणी तासन्‌तास तेवढंच गरम राहतं. या पद्धतीला 'सू-वीद' म्हणतात. त्यावर आम्ही चिकन फिंगर करतो. कृती सांगतेच, पण इतिहास शिकवायची खोड जात नाही. तेव्हा आधी थोडं मागे जाऊ.

सू-वीद म्हणजे फ्रेंचमध्ये 'निर्वातात'. १९७४ च्या सुमारास फ्रान्समधल्या रोआन इथे त्र्वाग्रो बंधूंच्या उपाहारगृहासाठी जॉर्ज प्रालूस या आचाऱ्याने यकृताचा एक महागडा पदार्थ प्लास्टिकमध्ये हवाबंद करून शिजवला. एरवी शिजताना त्याचं वजन फार घटायचं, ते वाचलं. तापमान किती, वेळ किती, याचा शास्त्रीय अभ्यास ब्रुनो गुसो यांनी केला. गंमत म्हणजे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं 'प्युरिटन बॅकरूम' हे हॉटेल चिकनच्या तळलेल्या पट्ट्या आपणच १९७४ मध्ये पहिल्यांदा केल्या असं सांगतं!

आणि आपल्याकडे? १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी हैदराबादला व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, पुढे तिचं मुख्य ठाणं पुण्यात आलं. हळूहळू पोल्ट्रीची कोंबडी धाराशिवच्या बाजारातही आली. सहा आठवड्यांत तयार, मऊ, पांढरी.

त्याआधी होती ती गावरान. उकिरडा उकरून, मैलभर हिंडून वाढलेली. तिचं मांस चिवट. माझ्या सासूबाई आधी चुलीच्या मोठ्या तोंडावर फोडणी देऊन ते परतत आणि मग पातेलं वैलावर सरकवत. (नातवंडांसाठी: वैल म्हणजे चुलीचं बाजूचं धाकटं तोंड. तिथे जाळ नसतो, नुसती धग येते.) वर ताट, ताटात पाणी. आतली वाफ आतच राही आणि रस्सा दोन-दोन तास मंद रटरटे. चिवट मांसातले धागे विरघळायला तेवढा वेळ लागतोच.

पोल्ट्रीच्या कोंबडीचं उलटं. तिच्या छातीत ना चरबी, ना फारसे चिवट धागे. साधारण ६५ अंशांपुढे मांसाचे तंतू आवळतात आणि पाणी बाहेर पडतं, मग भुसा खाल्ल्यासारखं लागतं. म्हणजे तिला वेळ नको, बेताची धग हवी. उकळीच्या बऱ्याच खाली. हाताच्या अंदाजाने ती सांभाळणं अवघड, म्हणून हा दांडा. कोंबडी बदलली, तशी चूल बदलली, एवढाच या इतिहासाचा अर्थ.

आता कृती. छातीच्या बोटभर जाड पट्ट्यांना मीठ, हळद, तिखट लावावं. उष्णता सोसणाऱ्या, खाण्याच्या वस्तूंसाठीच्या पिशवीत एका थरात ठेवून हवा काढावी. ६५ अंशांवर दीड तास. बाहेर काढून कोरड्या कपड्याने अगदी नीट पुसाव्यात, ओल राहिली तर कुरकुरीतपणा येत नाही. मग ज्वारीचं पीठ, फेटलेलं अंडं आणि शेवटी येसर मिसळलेला ज्वारीचा रवा. कडक तापलेल्या तेलात दीड-दोन मिनिटं, बस्स. आत शिजलेलंच असतं, तेलाने फक्त कवच करायचं. लगेच तळायचं नसेल तर पिशवी बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवावी, बाहेर राहू देऊ नये.

धग आणि जाळ ही दोन कामं वेगळी, हे सासूबाईंना ठाऊक होतं. फ्रेंच आचाऱ्याचं नाव आज जगाला माहीत आहे, कारण ते कुणीतरी लिहून ठेवलं. मी इतकी वर्षं वर्गात लढाया आणि तह शिकवले, पण त्या पुस्तकांत वैल कुठेच नव्हता. आता गॅस आल्यावर गावातल्या चुलीही मोजक्याच उरल्यात.

असो. तुमच्या घरी वैलावर काय काय शिजायचं? आई, आजी, मावशी हयात असतील तर आजच विचारा आणि लिहून ठेवा. मलाही कळवा.