कॅस्पेज-१ प्रतिपिंड

दाहप्रक्रियेत निर्णायक कार्य करणाऱ्या कॅस्पेज-१ या प्रथिनभंजक विकराच्या विशिष्ट भागाशी संयोग पावून त्याचा ठावठिकाणा लावणारे प्रयोगशाळेतील प्रतिपिंड. हे विकर १९९२ साली उजेडात आले तेव्हा, सुमारे ३१ किलोडाल्टन वजनाच्या निष्क्रिय पूर्वरूपाला छेद देऊन त्यातून १७ किलोडाल्टनचे ज्वरकारक इंटरल्यूकिन-१ बीटा निर्माण करणे, एवढीच त्याची कामगिरी ठाऊक होती; परंतु ज्या प्रथिनसमूहावर ते जागृत होते त्या इन्फ्लमासोमचे वर्णन २००२ साली लोझान येथे यूर्ग चॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि गॅसडर्मिन-डी या प्रथिनालाही तेच विकर छेदते हे २०१५ साली व त्यामुळे कोशिकेच्या पटलाला रंध्रे पडतात हे २०१६ साली सिद्ध झाले, तेव्हापासून त्याच्या अचूक शोधाची निकड फार वाढली.

मूळ विकर सुमारे ४५ किलोडाल्टनचे असून जागृतीनंतर त्याचे २० व १० किलोडाल्टनचे खंड होतात. प्रतिपिंड सशापासून मिळवलेले बहुकृत्तक (पॉलिक्लोनल) असो, की कोलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये शोधलेल्या संकरकोशिकांच्या रीतीने सिद्ध केलेले एककृत्तक (मोनोक्लोनल), ते यांपैकी कोणत्या खंडाला ओळखते याची शहानिशा प्रथम करावी लागते. मानवी विकरासाठी सिद्ध केलेले प्रतिपिंड उंदराच्या विकराला ओळखेलच, असेही नाही. वेस्टर्न ब्लॉट पद्धतीत प्रथिने वजनानुसार पृथक् करून पडद्यावर उतरवतात व त्यांवर प्रतिपिंडाची योजना करतात. छेदित खंड बहुधा कोशिकेबाहेर पडत असल्याने केवळ कोशिकांचा अर्क तपासून भागत नाही. भोवतालचे संवर्धनद्रव्यही तपासावे लागते, आणि त्यातील रक्तद्रवाची विपुल प्रथिने अडथळा आणू नयेत म्हणून कोशिकासंवर्धनाचा अखेरचा टप्पा रक्तद्रवविरहित द्रव्यात पार पाडण्याची वहिवाट आहे.

ज्यांचे कॅस्पेज-१ जनुक काढून टाकले आहे अशा कोशिकांच्या ब्लॉटवर विकराचा पट्टा दिसेनासा होणे, हीच प्रतिपिंडाच्या खरेपणाची सर्वांत भक्कम साक्ष होय, आणि ती वगळून काढलेले निष्कर्ष ग्राह्य मानू नयेत. तथापि प्रतिपिंड विकराचे अस्तित्व व छेदन दाखवते, क्रियाशीलता नव्हे. किंबहुना २० किलोडाल्टनचा खंड सुटा होणे ही विकराची क्रिया थांबण्याची पायरी होय, असे २०१८ साली दाखवण्यात आले. म्हणून क्रियाशीलतेचा निर्वाळा देण्यापूर्वी त्याच नमुन्यातील इंटरल्यूकिन-१ बीटा व गॅसडर्मिन-डी यांचे छेदित खंडही तपासावेत.